भाजक शून्य झाला तर: ड्रायव्हरमधील भागाकाराच्या दुरुस्त्यांचा रिव्ह्यू कसा करावा

सोलापूरच्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत रेपियर माग आणि इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आल्यापासून मागाचा वेग मोजणे, कापड पुढे ओढणाऱ्या टेकअप मोटरला गती देणे, ताण्याचे सूत सैल पडू न देणे ही कामे सॉफ्टवेअरकडे गेली आहेत. अशा नियंत्रक बोर्डांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर (उपकरण चालवणारे कर्नलचे भाग) लिहिणाऱ्या आमच्या गटात येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून नव्याने आलेले अभियंते बहुधा स्टॅटिक अ‍ॅनालिसिसच्या (कोड न चालवता दोष शोधणाऱ्या टूलच्या) अहवालापासून सुरुवात करतात, आणि त्या अहवालात ‘येथे शून्याने भागाकार होऊ शकतो’ ही वॉर्निंग हमखास असते. तिची दुरुस्ती दोन-तीन ओळींची असते, दिसायला निर्दोष असते आणि म्हणूनच तिचा रिव्ह्यू घाईने उरकला जातो. हे टिपण तो रिव्ह्यू करणाऱ्यांसाठी आहे. काही उदाहरणे मागाच्या ड्रायव्हरची घेतली आहेत, पण पद्धत लिनक्स कर्नलमधील कोणत्याही ड्रायव्हरला लागू पडते.

भाजक शून्य असण्याची एक वाट कोडमध्ये दिसते, एवढेच टूल सांगते. ती वाट प्रत्यक्षात चालता येते का, त्या जागी शून्याचा अर्थ काय आणि तसे घडल्यास ड्रायव्हरने काय करावे, हे टूलला ठाऊक नसते. ही उत्तरे पॅच (कोडमधील प्रस्तावित बदल) लिहिणाऱ्याने द्यायची असतात आणि रिव्ह्यू करणाऱ्याने तपासायची असतात. वॉर्निंग नाहीशी झाली एवढ्यावर पॅच स्वीकारला, तर पुष्कळदा मूळ चूक तशीच राहते आणि तिच्यावर झाकण तेवढे बसते.

भाजकाचा उगम

बदललेल्या ओळी वाचण्यापूर्वी भाजक कोठून आला ते मागे मागे जाऊन पाहावे. तो वापरकर्त्याकडून आला असेल तर वॉर्निंग जवळजवळ नेहमी खरी असते. कर्नलमधील जुन्या फ्रेमबफर ड्रायव्हरांत २०२१ आणि २०२२ मध्ये अशा दुरुस्त्यांची मालिकाच झाली: आयऑक्टलमधून (वापरकर्त्याच्या प्रोग्रामने ड्रायव्हरला दिलेल्या आज्ञेतून) स्क्रीनची मापे बदलताना ‘पिक्सक्लॉक’ ही किंमत शून्य देता येत होती आणि ड्रायव्हर तिनेच भागाकार करत होते. तेथे दुरुस्ती भागाकाराच्या ओळीवर न करता मापे तपासणाऱ्या फंक्शनमध्ये केली गेली आणि शून्य आल्यास ‘-ईइनव्हॅल’ हा ‘अवैध किंमत’ सांगणारा त्रुटी-कोड परत देण्यात आला. ही जागा योग्यच होती, कारण चुकीची किंमत आत शिरण्याआधी दारातच थांबवली की पुढे प्रत्येक भागाकारापाशी पहारा लागत नाही.

भाजक उपकरणाकडून येत असेल तर त्या उपकरणावर विश्वास ठेवू नये. यूएसबी उपकरण स्वतःची माहिती सांगणाऱ्या डिस्क्रिप्टरमध्ये पॅकेटचा कमाल आकार शून्य सांगू शकते. यूएसबी नेटवर्क ड्रायव्हरांच्या सामाईक कोडमध्ये नेमक्या याच कारणासाठी २०१९ मध्ये तपासणी घालावी लागली. पीसीआय उपकरण बसवरून निखळले तर त्याचे रजिस्टर वाचताना सगळे बिट १ येतात, म्हणजे ३२ बिटांत ४२९४९६७२९५. पूर्ण रजिस्टर वाचून ‘रजिस्टरमधील किंमत अधिक १’ असा भाजक काढला जात असेल, तर ३२ बिटांतली ती बेरीज शून्य होते. रजिस्टर स्वतः शून्य आहे का हे तपासणारा पॅच येथे काहीच वाचवत नाही.

क्लॉकचा (चिपला ठोके देणाऱ्या घड्याळाचा) वेग विचारणारे ‘सीएलके_गेट_रेट()’ शून्य परत देऊ शकते, असे म्हणणारे पॅच तर सतत येतात. त्यांत खरे-खोटे निवडण्याची एक सोपी कसोटी आहे. ड्रायव्हरने क्लॉक ‘ऐच्छिक’ म्हणून मागितले असेल तर ते नसताना ‘नल’ मिळते, आणि नल क्लॉकचा वेग शून्य येतो. म्हणजे वाट खरी आहे. क्लॉक अनिवार्य असेल, ते न मिळाल्यास प्रोब (उपकरण सापडताच चालणारे ड्रायव्हरचे फंक्शन) आधीच परत फिरत असेल आणि त्या चिपवर ते क्लॉक ठरावीक वेगाचेच असेल, तर वॉर्निंग केवळ कागदावरची आहे. तरीही प्रोबमध्ये एकदा तपासणी घालण्यास हरकत नसते. मात्र त्या पॅचला ‘क्रॅशची दुरुस्ती’ म्हणू देऊ नये.

चौथा उगम ड्रायव्हरच्या स्वतःच्या अंकगणिताचा, आणि तो सर्वांत फसवा. कर्नलचा टिक-वेग, म्हणजे ‘एचझेड’, २५० असताना त्याला ५०० ने भागले की पूर्णांकात शून्य येते. तोच १००० असताना २ येतात. तसेच भाजक ‘वेग भागिले १०००’ असा असेल तर वेग ९९९ असतानाही भाजक शून्यच असतो. अशा ठिकाणी ‘वेग शून्य असेल तर परत फिरा’ ही तपासणी टूलला कधीकधी पुरते, पण चूक जागच्या जागी राहते. म्हणून नियम असा ठेवावा की ज्या राशीने प्रत्यक्ष भागायचे आहे तीच राशी, सर्व आकडेमोड झाल्यानंतर, तपासली गेली पाहिजे. बाकी काढणाऱ्या मोड्युलो चिन्हालाही हे सगळे तितकेच लागू आहे. तेथेही भागाकारच होतो.

शून्याचा अर्थ काय

मागाच्या ड्रायव्हरमध्ये दोन शून्ये शेजारीशेजारी भेटतात. पहिले पॅनलवरून येते: एका इंचात किती पिक (आडवे धागे) हवेत ही संख्या मुकादमाने रिकामी ठेवली तर शून्य पोहोचते. एका इंचात शून्य पिक असे कापडच नसते, त्यामुळे ही किंमत नाकारणे आणि जुनी सेटिंग चालू ठेवणे हेच योग्य. दुसरे शून्य एन्कोडरकडून (फिरण्याच्या पल्स देणाऱ्या सेन्सरकडून) येते: ठरावीक कालखंडात एकही पल्स आली नाही. सूत तुटून माग थांबला की हे घडणारच. ही चूक नाही, खरी स्थिती आहे. पल्सच्या संख्येने कालखंडाला भागून सरासरी काढणाऱ्या फंक्शनने येथे ‘-ईइनव्हॅल’ परत दिले, तर वरचा प्रोग्राम सेन्सर बिघडल्याचा इशारा देईल आणि कामगार विनाकारण एन्कोडर उघडून बसेल. येथे ‘वेग शून्य’ हेच उत्तर आहे.

टूलच्या दृष्टीने ही दोन्ही शून्ये सारखी असतात आणि दोन्हीकडे एकच साच्यातली दुरुस्ती सुचते. रिव्ह्यू करणाऱ्याने म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारावे: हे शून्य अवैध आहे, की अर्थपूर्ण आहे? सिरीयल पोर्टचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. शून्य बॉड (लाइनचा वेग) मागणे म्हणजे लाइन सोडून देण्याची सूचना, असा तेथे जुना संकेत आहे, आणि लिनक्सच्या सिरीयल कोअरमध्ये बॉड ठरवणारे फंक्शन हा संकेत ओळखून पुढच्या हिशेबासाठी ९६०० ही किंमत धरते. ज्याला हा संकेत माहीत नाही तो सहज तेथे त्रुटी-कोड घालेल आणि चालणारे वर्तन मोडेल.

सर्वांत जास्त काळजी ‘भाजक शून्य असेल तर १ धरा’ या दुरुस्तीची घ्यावी. ती वॉर्निंग लगेच घालवते, फंक्शनचा आकार बदलत नाही, त्रुटी परत देण्याची कटकट वाचवते, आणि म्हणून ती आवडते. परंतु टेकअप मोटरच्या क्लॉकचा विभाजक १ धरला गेला तर मोटरला मिळणारी पल्स कमाल वेगाची असेल. जेथे भागाकाराचे उत्तर यंत्र हलवते तेथे ही दुरुस्ती, शून्य हीच चिपच्या डेटाशीटमध्ये १ ची खूण आहे असे दाखवल्याशिवाय, स्वीकारू नये.

तपासणी कोणत्या ओळीवर आहे

सी भाषेत शून्याने पूर्णांकी भागाकार हे अनिश्चित वर्तन आहे. याचा व्यावहारिक परिणाम असा की आधी भागाकार आणि नंतर तपासणी असा क्रम असेल, तर ‘भागाकार झाला त्याअर्थी भाजक शून्य नव्हताच’ असे मानून कंपायलर ती तपासणी काढून टाकू शकतो. चल घोषित करतानाच भागाकार केलेला असतो आणि पॅचमधील तपासणी घोषणांच्या खाली येते, तेव्हा हा दोष डोळ्यांतून निसटतो. पॅचच्या फरकात वरची घोषणा कधीकधी दिसतही नाही. म्हणून पूर्ण फंक्शन उघडून वाचावे.

दुसरी गोष्ट समांतर चालणाऱ्या कोडची. पिकची संख्या सिसएफएसमधून (ड्रायव्हरच्या सेटिंग फाइलसारख्या दाखवणाऱ्या जागेतून) बदलता येत असेल आणि टायमर तीच संरचनेतून वाचत असेल, तर तपासणीच्या वेळी ५२ असलेली किंमत भागाकाराच्या वेळी शून्य असू शकते. अशा वेळी किंमत एकदाच, ‘रीड_वन्स()’ वापरून, स्थानिक चलात घ्यावी आणि तपासणी व भागाकार दोन्ही त्या चलावर करावेत; किंवा दोन्ही एकाच लॉकच्या आत असावेत. टूलला बहुधा ही शर्यत दिसत नाही.

डू_डिव्ह() बदलणारे पॅच

या विषयातील सर्वाधिक चुकीच्या दुरुस्त्या येथे होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘डू_डिव्ह()’ हा मॅक्रो ६४ बिटी भाज्याला ३२ बिटी भाजकाने भागतो. तो भागाकार भाज्याच्या चलातच ठेवतो आणि बाकी परत देतो. भाजक ६४ बिटी दिला तर त्याचे वरचे ३२ बिट निमूटपणे गळून पडतात. कॉक्सिनेल या साधनाची एक स्क्रिप्ट कर्नलच्या स्रोतातच आहे. ती अशी ठिकाणे शोधते आणि ‘डिव्ह६४_यू६४()’ किंवा त्याचे भावंड वापरण्याचा विचार करा असे सुचवते.

हा दोष किती खरा आहे ते मागावर पाहता येते. एन्कोडरची एका फेऱ्याला एक येणारी खूण धरू. दोन खुणांमधला काळ नॅनोसेकंदांत घेऊन ६०००००००००० या संख्येला त्याने भागले की मिनिटाचे फेरे मिळतात. माग चालू असताना हा काळ सेकंदाहून कमी असतो आणि सर्व ठीक चालते. ताण्याचे सूत जोडण्यासाठी माग थांबला आणि पुढची खूण ५ सेकंदांनी आली, तर काळ ५००००००००० नॅनोसेकंद भरतो. ही संख्या ३२ बिटांत मावत नाही. गळून उरते ७०५०३२७०४, आणि १२ ऐवजी ८५ फेरे असे उत्तर येते. काळ नेमका ४२९४९६७२९६ आला तर उरलेला भाजक शून्य होतो आणि तोही ‘काळ शून्य आहे का’ ही तपासणी यशस्वीपणे ओलांडून आलेला असतो.

आता दुरुस्ती. पहिली चूक अशी होते की ‘डू_डिव्ह(संख्या, काळ);’ या ओळीच्या जागी ‘डिव्ह६४_यू६४(संख्या, काळ);’ एवढेच लिहिले जाते. नवे फंक्शन भाज्याला हात लावत नाही, ते भागाकार परत देते; त्यामुळे तो ‘संख्या =’ असा साठवला नाही तर भागाकार झालाच नाही असे होते. दुसरी चूक याच्या उलट आहे. जुन्या कोडमध्ये ‘बाकी = डू_डिव्ह(संख्या, काळ);’ असे असेल आणि फक्त नाव बदलले, तर ‘बाकी’ या चलात भागाकार जाऊन बसतो. तेथे बाकीही देणारे ‘डिव्ह६४_यू६४_रेम()’ हवे. तिसरा मुद्दा गरजेचा. भाजकाचा प्रकार ६४ बिटी असला तरी त्याची किंमत आधीच मर्यादित केलेली असेल, तर ३२ बिटी प्रोसेसरवर ६४ बिटी भाजकाचा भागाकार अकारण महाग पडतो. तेथे चलाचा प्रकारच ३२ बिटी करून ‘डिव्ह_यू६४()’ वापरणे अधिक स्वच्छ. इंटरप्टच्या वाटेवर हा फरक विचारात घ्यावा, प्रोबमध्ये त्याची चिंता करू नये.

भाज्य चिन्हांकित असेल तर ‘डू_डिव्ह()’ ऋण संख्येला प्रचंड धन संख्या समजतो. तेथे ‘डिव्ह_एस६४()’ किंवा ‘डिव्ह६४_एस६४()’ लागते.

रुंदी आणि चिन्ह

गुणाकार ३२ बिटांत होऊन मग ६४ बिटी चलात जातो, ही वॉर्निंग भागाकाराच्या वॉर्निंगसोबतच येते. २४ मेगाहर्ट्झ गुणिले १००० म्हणजे २४०००००००००. ही संख्या ३२ बिटांत मावत नाही. दुरुस्तीत कास्ट (किंमतीचा प्रकार बदलणारी खूण) कोठे आहे तेवढे पाहावे. संपूर्ण गुणाकार कंसात घालून बाहेर ६४ बिटी कास्ट लावली तर काहीच साधत नाही, कारण आतला गुणाकार आधीच वाहून गेलेला असतो. कास्ट एका गुणकावर हवी. ती योग्य जागी असली की भाज्य ६४ बिटी होतो, आणि पुढे साध्या भागाकाराच्या चिन्हामुळे ३२ बिटी कर्नल लिंक होत नाही, कारण त्यासाठी कंपायलर आपल्या लायब्ररीतील जे फंक्शन मागतो ते कर्नलमध्ये नसते. म्हणजे एक वॉर्निंग घालवताना दुसऱ्या आर्किटेक्चरचे बिल्ड मोडते. ‘डिव्ह_राउंड_अप()’ मध्येही भाज्यात भाजक मिळवला जातो, त्यामुळे भाज्य कमाल मर्यादेजवळ असेल तर तेथेही तीच काळजी घ्यावी.

‘भाजक ऋण असू शकतो’ या तक्रारीवर उपाय म्हणून चल चिन्हरहित करणारे पॅच दिसतात. -१० ला चिन्हरहित २ ने भागल्यास सी भाषेत -५ येत नाही, २१४७४८३६४३ येते. तापमान किंवा ताण मोजणाऱ्या ड्रायव्हरमध्ये हा बदल घातक आहे. शिवाय चिन्हांकित ३२ बिटी संख्यांत सर्वांत लहान संख्येला -१ ने भागणे हेही अनिश्चित वर्तन असून एक्स८६ वर ते शून्याच्या भागाकाराप्रमाणेच अपवाद उभा करते.

परत फिरण्याची वाट

तपासणी योग्य असूनही तिच्यातून बाहेर पडण्याची वाट चुकलेली असते, असे बरेचदा आढळते. प्रोबमध्ये क्लॉक सुरू केल्यानंतर थेट परत फिरणारी ओळ घातली तर ते सुरूच राहते. तेथे खालच्या सफाईच्या लेबलकडे उडी हवी. फंक्शनचा परतावा चिन्हरहित असेल तर ऋण त्रुटी-कोड भल्यामोठ्या वैध संख्येसारखा दिसतो. क्लॉक ड्रायव्हरच्या ‘रीकॅल्क_रेट’ या फंक्शनबाबत संकेत स्पष्ट आहे: वेग ठरवता आला नाही तर शून्य परत द्यावे. आणि वापरकर्त्याला हवे तेव्हा घडवता येईल अशा परिस्थितीत ‘वॉर्न_ऑन()’ घालू देऊ नये, कारण वॉर्निंगवर पॅनिक होण्याची सेटिंग असलेल्या यंत्रावर त्यातून पूर्ण मशीन बंद पाडता येते.

चाचणी कोठे केली, हे विचारा

‘माझ्या बोर्डवर शून्य देऊन पाहिले, काही झाले नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. एक्स८६ वर शून्याने भागल्यास प्रोसेसर अपवाद उभा करतो आणि कर्नल ‘डिव्हाइड एरर’ म्हणून ऊप्स (कर्नलमधील त्रुटीचा अहवाल) छापतो. ६४ बिटी आर्मवर तीच सूचना शांतपणे शून्य उत्तर देते. रिस्क-व्ही वर उत्तराचे सगळे बिट १ येतात, तेथेही अपवाद नाही. जुन्या ३२ बिटी आर्मवर, जेथे भागाकार सॉफ्टवेअरने होतो, कर्नल शून्याने भागाकार झाल्याचा संदेश आणि स्टॅक छापून पुढे जातो. आपले बोर्ड आर्मचे असल्याने दोष वर्षानुवर्षे न दिसता चुकीचे आकडे देत राहू शकतो, ही बाब मला क्रॅशपेक्षा अधिक गंभीर वाटते; क्रॅश निदान लक्षात येतो.

म्हणून पॅच एक ३२ बिटी आणि एक ६४ बिटी आर्किटेक्चरसाठी बिल्ड करून घ्यावा, ‘मेक डब्ल्यू=१’ (जादा वॉर्निंगसाठी) आणि स्पार्स या तपासणी-टूलसाठी ‘मेक सी=१’ चालवावे, ‘मेक कॉक्सिचेक’ त्या फोल्डरपुरते चालवावे, आणि शक्य असेल तर यूबीसॅन या, कोड चालताना अनिश्चित वर्तन पकडणाऱ्या साधनातील शून्य-भाजकाची तपासणी सुरू करून पाहावे. चाचणीच्या किंमतींत ० आणि १ यांशिवाय ९९९, ४२९४९६७२९५ आणि ४२९४९६७२९६ या संख्या असाव्यात. हिशेबाचा भाग वेगळ्या लहान फंक्शनमध्ये काढता आला तर कुनिट या कर्नलच्या चाचणी-चौकटीत ही तपासणी कायमची बसवता येते आणि त्यासाठी माग लागत नाही.

कमिटचा मजकूर

कर्नलच्या दस्तऐवजांत संशोधकांसाठी असलेल्या मार्गदर्शनात पॅचसोबत काय सांगावे हे नेमके लिहिले आहे: दोष कोणता, चालू यंत्रावर तिथवर कसे पोहोचता येते, परिणाम काय, तो कोणत्या टूलने सापडला, दुरुस्ती बरोबर का, आणि तिची बिल्ड व प्रत्यक्ष चाचणी कशी केली. भागाकाराच्या पॅचबाबत मी यांतील दुसऱ्या प्रश्नावर अडून राहतो. ‘स्मॅचने सांगितले’ किंवा ‘कव्हरिटीने सांगितले’ हा शोधाचा मार्ग झाला, कारण झाले नाही. ‘सिसएफएसमधून पिकची संख्या ० लिहिली की टायमर तिने भागतो’ हे कारण आहे, आणि हे एक वाक्य लिहिता आले की तपासणी कोठे असावी हेही बहुधा आपोआप ठरते. ‘फिक्सेस’ टॅगमध्ये (पॅच कोणत्या जुन्या कमिटचा दोष दुरुस्त करतो हे सांगणाऱ्या ओळीत) त्या कमिटच्या हॅशची किमान १२ अक्षरे असावीत, आणि ते कमिट भागाकार आणणारे आहे की शून्य येऊ देणारे, हे उघडून पाहावे. दोन्ही वेगळी असू शकतात.

वॉर्निंग खोटी ठरली तर पॅच नाकारावा, पण कारण लिहून नाकारावा: भाजक कोणत्या फंक्शनमध्ये, कोणत्या ओळीवर आधीच मर्यादित झाला आहे ते दाखवावे. नव्या अभियंत्याला त्यातून कोड वाचण्याची वाट मिळते. तोच पॅच सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी पाठवला तर ते उत्तर पुन्हा वापरता येते. आणि ती मर्यादा वाचून लक्षात येण्याजोगी नसेल, तर भागाकाराशेजारी एका ओळीची टिप्पणी घालणारा पॅच त्याच अभियंत्याकडून मागवून घ्यावा.